हळदीकुंकू आणि डोक्यावरचा फ्लॅश

मित्रांनो, माझ्या पट्ट्यावरचे हळदीचे डाग अजून गेलेले नाहीत. त्यावरून तुम्ही ओळखलंच असेल, मी लग्नकार्यांत राबलेला एक जुना कॅमेरा आहे. माझा जन्म दूरच्या कारखान्यातला, पण त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते उज्जैन. टावर चौकातल्या दुकानातून श्रीकांतकाकांनी मला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यावर फ्लॅश चढवला. मांडवात उजेडाचा भरवसा नसतो, असं ते म्हणत. तो फ्लॅश पुढे कितीतरी वर्षं उतरलाच नाही.

आमची जोडी नावाजलेली होती. अंतरपाट दूर होतानाचा क्षण काकांच्या हातून कधी सुटला नाही. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. फोटो हलू लागले, बोलावणी थांबली आणि मी कपाटात गेलो. तिथे अंधार होता, ओल होती. भिंगाच्या कडेला बुरशी धरली. तिचं मला फारसं वाटलं नाही. पण काका कपाट उघडायचेच नाहीत, ते मात्र लागलं.

एका हिवाळ्यात काकांच्या पत्नी रजनीकाकूंनी मला बाहेर काढून पुसलं. अंगणाच्या कुंपणावर घाणेरी फुलली होती आणि तिच्यावर हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू यायचं. बसलं की पंखांची पिवळी-लाल बाजू दिसते. उडताना आतली पांढरी उघडते.

"याचा उडतानाचा एक फोटो काढून द्या," काकू म्हणाल्या.

"हात बघितला ना माझा? संडेला हर्षल येतो आहे. त्यालाच देऊन टाकू कॅमेरा," काका म्हणाले. हर्षल हा फ्रीगंजमधला नवा फोटोग्राफर.

"देऊ. पण त्याच्या पहिले कोशिश तर करा."

काका मला घेऊन फुलपाखरामागे अंगणभर फिरले. फोटोत पंखांच्या जागी नुसता धूर.

"बघ, हातच बेकार झाला," म्हणत ते पायरीवर बसले.

सगळा दोष हाताचा नव्हता. फ्लॅश डोक्यावर असला की माझा पडदा, म्हणजे शटर, एका ठरावीक वेगापुढे धावत नाही. तो वेग उभ्या नवरानवरीला पुरतो, पंखांना नाही. काकांना हे ठाऊक होतं, पण सवयीपुढे ते विसरले होते. आणि मला बोलता कुठे येतं?

"इतकी धूप आहे, फ्लॅश कशाला हवा?" काकू म्हणाल्या. "आणि त्याच्या पीछे पळू नका. मी रोज पाणी घालताना बघते, ते याच फुलावर येतं."

काका पायरीवरून उठले. मग त्यांनी फ्लॅश उतरवला. माझी मान हलकी झाली. त्यांनी पडद्याचा वेग पार वर नेला, ऊन पाठीशी घेतलं आणि फुलाच्या वीतभर अलीकडे, रिकाम्या हवेत, माझी नजर नेमून ठेवली. सावली फुलावर पडू न देता आम्ही थांबलो. फुलपाखरू आलं तसं त्यांनी बटण दाबून धरलं. बरेचसे फोटो नुसत्या हवेचे निघाले. एकात मात्र ते होतं, पंख उघडलेले, शीर न् शीर स्पष्ट. हात तर थरथरतच होता. माझा पडदा त्याच्याहून चपळ होता, इतकंच.

रविवारी हर्षल आला तेव्हा काकांनी त्याच्या हाती फ्लॅश ठेवला.

"हा घेऊन जा, मांडवात लागेल तुला. कॅमेरा राहू दे. सुबह-सुबह काम असतं मला."

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखं कुणी पडून असेल. त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून उन्हात काढा. आणि ज्या हातांनी ते चालायचं, त्या हातांनाही.