तारेचं टोक

"एकदा तरी नको चालू होऊस. माझं ऐक."

मिस्त्रीने दोरी ओढली आणि मशीन पहिल्याच झटक्यात चालू झाली. शेडच्या पत्र्यांत आवाज घुमला. त्याने ती बंद केली, लगेच पुन्हा दोरी ओढली. पुन्हा चालू. जन्मभर त्याने बंद पडलेल्या इंजिनांसमोर उकिडवं बसून, चालू हो बाई, म्हणत देवाला आळवलं होतं. आज सकाळपासून तो उलटं मागत होता.

जलाशयाच्या बांधावरचं गवत कापायची ही मशीन. बुटकी, रुंद चाकांची, मागून धरून चालवायची. हँडलवर एक लाल खटका होता. तो दाबून धरला तरच इंजिन चालायचं, हात सुटला की बंद. चालवणारा उतारावरून घसरला तरी पातं फिरत राहू नये, एवढ्यासाठीच तो खटका.

चालवणारा एकच. उभ्या चढावर तो असा चिकटून चालायचा की सगळे त्याला घोरपड म्हणत. बायकोसुद्धा रागावली तरच आपलं खरं नाव घेते, असं तो सांगायचा.

उन्हाळा लागला तसा घोरपड तक्रार घेऊन येऊ लागला. "मिस्त्री, ही तापली की रुसते. पार थंड होईपर्यंत दाद देत नाही." मिस्त्रीने शेडमध्ये दोरी ओढून दाखवली. मशीन चालू. "कुठे रुसते? मला तर बघून हसते." शेडमधली माणसं हसली. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, आणि घोरपड पुन्हा दारात उभाच. त्या दिवशी शेडमध्ये कामाचा ढीग होता. मिस्त्रीने बांधायच्या तारेचा तुकडा तोडला, लाल खटका हँडलला आवळून टाकला आणि म्हणाला, "घे. आता बंदच करू नकोस. बंद केलीच नाहीस, तर चालू करायचा प्रश्न येतोच कुठे?"

पुन्हा सगळे हसले. मिस्त्रीला स्वतःलाही ते वाक्य आवडलं होतं. मग त्याने पकडीने तारेचं टोक आत वळवून दाबलं. घोरपडच्या तळव्याला टोचू नये म्हणून.

पुढे एका सकाळी ओलं गवत पात्याखाली अडकलं. काढायला घोरपडने काठी घातली, ती मोडली, आणि मग मशीन चालू असतानाच हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मिस्त्रीनेच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. घोरपडची बायको धावत आली, नवऱ्याला बघून आली आणि मिस्त्रीसमोर हात जोडून उभी राहिली. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून. देवमाणूस आहात तुम्ही." मिस्त्रीला तिथे बसवेना आणि उठून जाताही येईना.

मशीन शेडमध्ये परत आली तेव्हा खटक्यावर तार नव्हती. मिस्त्रीने हँडलवरून दोनदा हात फिरवला. आणि त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच पुढे त्याला जास्त लाज वाटत राहिली.

मोठे साहेब आज सकाळीच येऊन खटका दाबून, सोडून बघून गेले होते. "हा तर व्यवस्थित आहे. म्हणजे पातं पुरतं थांबायच्या आधीच याने हात घातला. शुद्ध हयगय. उद्या मशीन चालवून दाखवा, मग मी वर तसं कळवतो. याला परत कामावर घेता येणार नाही." मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिला होता. तो उद्या आता एका रात्रीवर आला होता. त्याआधी मशीन एकदा तरी रुसायला हवी होती, तरच तिचा बिघाड सापडणार होता.

"काय मिस्त्री, व्यायाम चाललाय?"

दारात घोरपड. हात पांढऱ्या पट्ट्यांत, गळ्यात अडकवलेला.

"तू कशाला आलास?"

"घरी बसून पोळ्या कशा लाटायच्या ते बायकोला शिकवत होतो. तिने लाटणं दाखवलं, मी इकडे आलो."

मिस्त्री हसला नाही. "ही चालू होतेय रे. दरवेळी."

"तुम्ही बंद करून लगेच ओढता."

"मग?"

"मी कुठे लगेच ओढतो? बंद करून पात्याखालचं गवत काढतो, दोन घोट पाणी पितो, मग ओढतो. तेव्हा रुसते ती. सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं असेल. मिस्त्रीला आपलं वाक्य तेवढं आठवत होतं, त्याचं नाही.

दोघं मशीन घेऊन बांधावर गेले. ऊन माथ्यावर होतं. मशीन मिस्त्रीने धरली आणि घोरपड वरच्या अंगाने चालू लागला. "पाय आडवा टाका. टाच रुतवा. अहो, नाचताय काय वरातीत असल्यासारखे!" मिस्त्रीच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. रोज हा माणूस हे करत होता, आणि वर आपण त्याची चेष्टा केली होती.

इंजिन चांगलं तापल्यावर त्याने खटका सोडला. दोघं गवतात बसले. घोरपडने पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवलं. मिस्त्रीचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच राहिला.

"आता ओढा."

मिस्त्रीने ओढली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा ओढली. काही नाही. सकाळपासून जे मागत होता ते मिळालं. त्याने प्लग काढला, वायरच्या टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही.

"ठिणगीची कॉइल," तो म्हणाला. "चालू असताना पंख्याचा वारा लागतो, तोवर तगते. बंद केली की आतली धग वर चढते आणि हिचा जीव जातो. थंड झाली की पुन्हा ठीक." तो प्लगकडेच बघत होता. "एवढंच होतं. जरा थांबून ओढली असती, तर तेव्हाच कळलं असतं."

"होईल आता नीट."

"तार कुठे गेली?"

घोरपडने बाटलीचं झाकण लावलं. "मीच काढली. खाली दगडांत फेकली."

"त्या हाताने?"

"डाव्या हाताने. मशीन बंद करायला तार काढावीच लागली ना. टोक सापडेना लवकर. आत वळवलं होतं तुम्ही."

मिस्त्रीने प्लग पुन्हा जागेवर फिरवून बसवला.

"तुमचा तारेचा पीळ शेडमधला प्रत्येकजण ओळखतो, मिस्त्री. साहेब विचारतील म्हणून फेकली. मी गेलो तर दुसरा कुणी चढेल बांधावर. तुम्ही गेलात तर या मशिनींना कोण बघणार? आणि हात मीच घातला होता, तुम्ही नव्हता घातला."

मशीन ढकलत दोघं परतले. मिस्त्रीने नवी कॉइल बसवली. बसवताना त्याचे हात नेहमीसारखेच चालले, याचंही त्याला वाईट वाटलं.

रात्री बायकोने ताट वाढलं. "सापडलं का दुखणं?"

"सापडलं."

"मग जेवत का नाही?"

त्याने सगळं सांगितलं. तारेचं, साहेबांचं, टोक सापडत नव्हतं तेही. ती ऐकत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "परवा दवाखान्यात गेले होते. त्याची बायको मला म्हणाली, तुमच्या मालकांसाठी रोज प्रार्थना करते. मी हो हो म्हणून आले." तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "यापुढे मला नाही हो म्हणता यायचं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सकाळी साहेब आले तेव्हा मशीन शेडच्या मधोमध चालू होती. पातं हलकं फिरत होतं, आवाज एकसारखा. "वा," साहेब म्हणाले. "गरम झाल्यावरही होते चालू?"

"होते. थांबून पाहिलंय."

"छान. बंद करा आता."

मिस्त्रीने हँडलवरचा हात उचलला आणि मागे सरला. मशीन चालूच राहिली. कोणी धरलेली नसताना.

साहेब हँडलकडे वाकले. लाल खटका तारेने आवळलेला होता. "हे काय, मिस्त्री?"

"त्या दिवशी अशी होती."

"कोणी बांधला?"

शेडमधली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. पीळ सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"मी."

साहेबांनी फाइल बाकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तार सोडवायला घेतली. नखाने इकडून चाचपली, तिकडून चाचपली. इंजिन धडधडत होतं, हँडल हातात थरथरत होतं, पातं खाली फिरत होतं.

"टोक कुठे आहे याचं?" ते ओरडले.

मिस्त्रीने पकड पुढे केली.

"आत वळवलंय, साहेब. हाताला टोचू नये म्हणून."