पाणाड्याचा फासा

मी एक वीस बाजूंचा फासा बोलतोय. सारीपाटावरच्या लांबट, शांत फाशांशी माझी गल्लत करू नका. मी जवळजवळ गोल, बोराएवढा, अंगावर एक ते वीस आकडे. टेबल जरासं कललं की मी निघालोच. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. निळं प्लॅस्टिक साच्यात ओतलं, आकडे कोरले आणि त्यांत रंग भरायचं काम गिऱ्हाइकावर सोडून दिलं. सोबत एक मेणाचा खडू दिला, की घ्या आणि भरा. म्हणजे मी बाजारात आलो तोच अर्धवट. पहिला मालक सौदीतला कुणी इंजिनिअर. त्यानं देश सोडताना मला आणि खेळाचं जाडजूड पुस्तक एका खोक्यात घालून माझा आताचा मालक वाजिद, त्याच्या मामेभावाला दिलं. मामेभावाला त्यातलं ओ की ठो कळेना. त्यानं खोका तसाच लातूरला आणून वाजिदच्या गळ्यात मारला. माझ्या आकड्यांत पांढरा खडू भरला तो वाजिदनंच. तेव्हा कुठं मला वाचा फुटली.

वाजिदचं गंजगोलाईच्या मागं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी दुपारी तो शटर अर्धं ओढायचा, मशीनवर चादर टाकायचा आणि कागद कापायच्या टेबलाभोवती चौघं बसायची. खेळ असा, की प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं. एकानं गोष्ट पुढं न्यायची, डोंगर, किल्ले, राक्षस उभे करायचे आणि नियम सांभाळायचे. त्याला ही मंडळी मुकादम म्हणतात, आणि ते काम वाजिदचं. गोष्टीत पुढं काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही, तिथं मला फेकायचं. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. माणसं इतर वेळी नशिबाला शिव्या देतात. इथं त्यांना शिव्या द्यायला मी समोरच असतो.

प्रत्येक काल्पनिक माणसाला पुस्तकातून एक काम निवडायचं असतं, लढवय्याचं, चोराचं, मांत्रिकाचं. त्याला मराठीत काय म्हणावं यावर पहिल्याच रविवारी वाद झाला. कुणीतरी सहज ‘जात’ म्हणालं. निवृत्तीनं तिथंच हात वर केला आणि जन्मानं मिळत नाही, निवडून घेतो, तर तिला जात कशाला म्हणायचं, असं विचारलं. मग पेशा हा शब्द ठरला आणि कायमचा झाला.

निवृत्ती देगलूरकडचा. लातुरात टँकर चालवतो. त्याचा बाप मारोती गावाकडं पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचं, नारळ उभा राहिला की थांबायचं आणि इथं बोअर घ्या म्हणून सांगायचं. तो पेशा कुठल्याच पुस्तकात नव्हता. निवृत्ती आणि वाजिदनं तो स्वतः घडवला. नव्या मुलखात गेलं की पाणाड्यानं जागा दाखवायची आणि मला फेकायचं. मोठा आकडा आला तर पाणी, नाहीतर कोरडं. सगळ्यांची तहान एका फेकीवर. मला तो पेशा मनापासून आवडायचा, कारण त्यात माझा मान मोठा होता.

उरलेली दोघं सांगतो. गुरुबसप्पा उदगीरकडचा, इथं औषधाच्या दुकानात असतो आणि खेळात लढवय्या. आणि साबेरा, वाजिदची थोरली बहीण, उर्दू शाळेतली मास्तरीण. तिला सगळे आपा म्हणतात. ती दुवा करून जखमा भरणारी बाई होते. लढवय्या मरायला टेकला की सगळ्यांचे डोळे आपाकडं.

बरीच वर्षं असं चाललं. मग वाजिदनं नव्या आवृत्तीचं पुस्तक मागवलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. जुन्या आवृत्तीत मला बहुतेक हाणामारीलाच बोलवायचे. चोराला कुलूप उघडायचं असलं की ते दहा बाजूंचे जोडफासे पुढं पुढं करायचे आणि मी कोपऱ्यात चरफडत पडायचो. नव्या आवृत्तीत सगळ्याला मीच. कुलूप असो, भिंत चढायची असो, खोटं बोलायचं असो, टाका मला. जोडफाशांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

माणसांना मात्र जड गेलं. जुने पेशे नव्या नियमांत बसवायचे, म्हणजे प्रत्येक आकडा पुन्हा मांडायचा. जुन्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं अंग मजबूत. नव्यात बरोबर उलटं. गुरुबसप्पा कमी आकडा मिळाला म्हणून खूश होऊन बसला आणि पहिल्याच लढाईत आडवा झाला. त्यानं पुस्तकाला कानडीतून जे काही सुनावलं त्याचा अर्थ त्यानं आपाला सांगितला नाही. पण लढवय्या बसला, आपाची बाई बसली. राहिला एकटा पाणाड्या.

तो सोळा सालचा उन्हाळा होता. मांजरा धरण आटलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि शहरातली माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून होती. निवृत्ती रविवारी यायचा तो थेट गाडीवरून, घसा बसलेला. पाणी कमी आलं की लोक गाडीवर हात आपटायचे, जसं काही त्यानंच ते पिऊन टाकलं. त्यात गावाकडं त्याच्या बापानं दाखवलेला एक बोअर कोरडा गेला होता. मशीन खाली खाली गेलं आणि वर नुसती पांढरी भुकटी. त्या दिवसापासून म्हाताऱ्याला कुणी रानात बोलावलं नाही. समोरून आला तरी लोक वाट बदलायचे. हे निवृत्तीनं टेबलावर एकदाच सांगितलं आणि लगेच चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

आता वाजिदची चूक ऐका. नव्या आवृत्तीत दुवा करणारा कुणीही मंत्रानं पाणी काढू शकतो. मग पाणाड्याला कोण विचारणार? वाजिदनं विचार केला, त्यालाही तेच देऊ. आठवडाभर खपून त्यानं पेशा नवा लिहिला आणि रविवारी मोठ्या हौसेनं टेबलावर ठेवला.

“तुझा पाणाड्या लई भारी करून ठेवलाय,” तो म्हणाला. “आता शोधायची गरजच न्हाई. जमिनीला हात लावला की पाणी. रोज दहा घागरी. फासा टाकायचाच न्हाई.”

निवृत्तीनं कागद वाचला. मी त्याच्या मुठीत होतो, मूठ घट्ट झालेली मला कळली.

“मग पाणाड्या कशाला म्हणायचं? नळ म्हण.”

वाजिदचा चेहरा उतरला. तो म्हणाला, बाहेर तर थेंब नाही, खेळात तरी माणसाला पोटभर मिळू दे. बोलला ते जिव्हाळ्यानंच. दुष्काळात दोस्ताला दुसरं काय द्यायचं?

“माझा पाणाड्या पाणी करत न्हाई, वाजिद,” निवृत्ती म्हणाला. “जागा सांगतो. चुकंल म्हणून भेतो, तरी सांगतो. तू ते भेणंच काढून टाकलंस.”

तो उठला आणि शटरखालून वाकून निघून गेला. मी मुठीत आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यानं मला पाहिलं आणि काचेपाशी टाकून दिलं.

तिथून पुढचे दिवस मला कुत्र्यागत गेले. फिरायची हौस होती ना, घ्या आता. गाडी वळली की मी डावीकडं, ब्रेक लागला की काचेवर. दिवसभर आकडे पडत होते, कधी वीस, कधी एक, आणि एकालाही काही अर्थ नव्हता. अंगातला खडू उन्हानं मऊ झाला. फिरणं वेगळं आणि कुणी श्वास रोखून बसलेलं असताना पडणं वेगळं, हे मला तिथं समजलं. निवृत्तीलाही चैन नव्हतं. रविवार आला की तो गंजगोलाईच्या अलीकडं वळायचा आणि उगाच लांबच्या रस्त्यानं जायचा.

एक दिवस टँकर आपाच्याच गल्लीत लागला. बायकांच्या घागरींची रांग, पाइपासाठी ओढाताण. आपानं आपली घागर भरून बाजूला ठेवली आणि गाडीच्या दाराशी आली.

“निवृत्तीभाऊ, वाजिद दर रविवारी शटर ओढून बसतो. खेळ काढत न्हाई.”

“माझा पेशा नव्या पुस्तकात बसत न्हाई, आपा.”

“पुस्तकात न्हाई बसत. टेबलाशी तर बसशील?” ती म्हणाली. मग तिनं मला काचेपाशी पाहिलं. “अन् ह्याला घेऊन ये. उन्हानं वितळून राहिलाय बिचारा.”

बिचारा म्हटलेलं मला एरवी खपत नाही. त्या दिवशी चाललं.

रविवारी तो आला. वाजिदनं कागद पुढं ओढला, पुन्हा मागं सारला. त्याला वाटत होतं, जुना पेशा जसाच्या तसा ठेवावा तर नवे नियम मोडतात, आणि नियम पाळावेत तर दोस्त जातो. शेवटी गुरुबसप्पा बोलला. उदगीरचा जिल्हा होणार ही बातमी तो दर सणाला सांगतो, म्हणून त्यानं जिल्ह्याचं नाव काढताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण ह्या वेळी त्याचं म्हणणं निराळं होतं.

“आमचं गाव आज्याच्या काळात बिदरात होतं,” तो म्हणाला. “मग उस्मानाबादेत गेलं. बयाशीला लातूर जिल्हा झाला, त्यात आलं. उद्या उदगिरात जाईल. कचेरी बदलली, शिक्का बदलला. विहीर हाय तिथंच हाय. तू आकडे नवे घाल वाजिद, विहीर हलवू नको.”

मग कामाला लागले. फेकीत नव्या आवृत्तीप्रमाणं अनुभवाचा आकडा मिळवायचा, हे वाजिदनं लिहिलं. एका जागेला एकच फेक, हे निवृत्तीनं सांगितलं. नवं पुस्तक कधी कधी दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत देतं. वाजिदनं ती देऊ केली आणि निवृत्तीनं नको म्हटलं. तरी खोट राहिलीच होती. आपाची बाई बसल्या जागी पाणी काढणार असेल तर पाणाड्यानं जीव कशाला आटवायचा?

आपानं पेन्सिल घेतली आणि आपल्या कागदावरची पाण्याची दुवा खोडून टाकली. तिची बाई जखमा भरील, म्हणाली, पाण्यासाठी तिला पाणाड्या लागेल. आता तहान लागली तर खरी लागणार होती.

वाजिदनं नकाशा पसरला आणि गोष्ट सुरू केली. तिघं जण एका भेगाळलेल्या माळावर आहेत. पखाली रिकाम्या. मागं फिरायला वाट नाही. पाणाड्या पुढं, दोघं मागं. निवृत्तीनं नकाशावर बोट फिरवलं, एका जागी टेकवलं आणि मला उचललं. त्याच्या हाताला घाम होता. चौघांचा श्वास थांबला. ह्याच्यासाठी तर माझा जन्म.

मी जीव तोडून फिरलो. मला वीस हवा होता. म्हाताऱ्याच्या त्या पांढऱ्या भुकटीसाठी, टँकरवर आपटलेल्या हातांसाठी मला वीस द्यायचा होता. पण फाशाचं मन आणि फाशाचा आकडा यांची कधी गाठ पडत नाही. मी थांबलो तेव्हा वर तीन होता.

अनुभवाचा आकडा मिळवूनही पुरत नव्हतं. वाजिदनं हळूच सांगितलं, लढवय्यानं अर्धा दिवस खोदलं, खाली खडक लागला, कोरडं. निवृत्तीनं आपला कागद उचलला आणि त्याची घडी घालायला लागला. गावाकडं काय झालं होतं ते त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. मला माझी सगळी वीस तोंडं लपवावीशी वाटली.

गुरुबसप्पानं घडीवर हात ठेवला.

“दुसरी जागा दाखव,” तो म्हणाला. “खोदायला मी हाय.”

आपानं आपल्या बाईच्या वाट्याचं उरलेलं घोटभर पाणी लढवय्याच्या नावावर लिहून दिलं. वाजिद पुस्तकात काही शोधत नव्हता, नुसता निवृत्तीकडं बघत होता.

निवृत्तीनं घडी उलगडली. डोळे पुसायचे होते, पण त्यानं ते पुसले नाहीत.

“माझ्या बाला हे एकानं जरी म्हणलं असतं,” तो म्हणाला.

आता माझं वय झालंय. कडा झिजल्यात, इंग्रजी सातातल्या आडव्या रेघेचा खडू निघून गेलाय, तो एकासारखा दिसतो आणि भांडणं होतात. नवी आवृत्ती आली, पुढंही येईल, पेशे पुन्हा मांडले जातील. मला त्याचं काही वाटत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं, की माझ्याकडं मोठा आकडा मागू नका, तो माझ्या हातात नाही. तीन पडला तर खुशाल मला शिव्या द्या. पण ज्यानं भीत भीत जागा दाखवली, त्याच्याकडं पाठ करू नका.

आजच्या रविवारीही पहिली जागा कोरडी गेली, आणि निवृत्तीनं नकाशावर दुसरीकडं बोट ठेवलंय. मी त्याच्या मुठीत आहे आणि मूठ हलायला लागली आहे. येतो मी.