झाकण उघडलं की रडणं बंद

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात पोचा आलेला. मित्रांनो, माझ्या आत काय असायचं ते तुम्हाला न सांगताही कळेल. बाहेर काय चाललं होतं ते सांगतो, आणि गोड करून सांगणार नाही.

कारखान्यात यंत्राने एका दणक्यात मला आकार दिला. झाकणावर हसरी आई आणि हसरं बाळ छापलं. छापणाऱ्याने बाळंतीण कधी पाहिली नसावी. बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी मला या घरात आणलं. त्यांनी बाळ उचललं, नाक कोणावर गेलंय यावर वाद घातला, चहा घेतला आणि ते गेले. पलंगाच्या कडेला आई भिंतीकडे बघत बसली होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाळाला सगळे गब्बू म्हणू लागले. दीड वर्षाचा असताना एकदा तो रडून रडून लालबुंद झाला. आईला उठवेना. आळस नव्हे, मित्रांनो. हाडं धड असूनही माणसाला उठवत नाही, असा एक आजार असतो. तिने बसल्या जागेवरून हात लांबवून माझं झाकण काढलं. टप्! गब्बू गप्प. मला केवढा अभिमान वाटला! गाढव होतो मी.

मग तेच सुरू झालं. पडला, टप्. कंटाळला, टप्. आईचे डोळे वाहताना पाहून घाबरला, तरी टप्. बाबा संध्याकाळी येताना पुडे आणून मला भरायचे. आजी मिरवायची, "आमच्या गब्बूने काय बाळसं धरलंय बघा!" शेजारच्या काकू त्याचे गाल ओढायच्या, "खात्यापित्या घरचा आहे हो!" ‘बाळसं’ या एका शब्दाखाली आई आणि गब्बू असे दोन जीव दबत होते आणि घर टाळ्या वाजवत होतं.

एकदा आई आजीला बोललीच, "आई, मला काहीतरी होतंय. काहीच नको वाटतं."

"तुला काय होतंय? सोन्यासारखं पोर आहे," आजी म्हणाली. "आम्ही चार वाढवली. आम्हाला नाही सुचली असली थेरं."

बाबा म्हणाले, "जरा झोप काढ, बरं वाटेल." झोप! तीच तर तिला येत नव्हती.

गब्बू साडेतीन वर्षांचा झाला. एक जिना चढला की धापा टाकायचा. त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा मलाही पिशवीत घातलं, कारण माझ्याशिवाय तो रांगेत बसत नसे. डॉक्टरबाईंनी वजन केलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. खाणं, खेळणं सगळं विचारून, बिस्किटं बंद करायला सांगून त्या आईकडे वळल्या. "आणि तुम्ही कशा आहात?"

साडेतीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. आईचे ओठ हलले. तेवढ्यात आजी म्हणाली, "तिला काय धाड भरलीय! दिवसभर घरीच तर असते."

डॉक्टरबाई आणखी काही विचारणार, तोच आजीने पोराला उचललं. दार उघडलं. पुढचा नंबर आत आला.

घरी आल्याबरोबर मला रिकामा करून कपाटावर फेकलं. काल जे बाळसं आजीचा अभिमान होतं, ते आज आईची चूक झालं. "पोराचा फुगा करून ठेवला हिने!" गब्बूला टरबूज म्हणून हसणाऱ्यांत आता काकूही होत्या. वजन वाढलं म्हणून कोणी पोराला हसतं का?

बिस्किटं बंद झाली, हे बरंच झालं. पण आईच्या मदतीला दुसरा हात कोणी दिला? गब्बू दुपारभर रडला. आई कानांवर हात दाबून फरशीवर बसली. मग ती स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. आत चुरासुद्धा नव्हता. तिने माझ्या तोंडाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "मला माझीच भीती वाटते. कुणीतरी या, मला सांभाळा."

दारातून आजीचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस गं?"

"कोणाशी नाही. डबा पुसत होते."

मित्रांनो, ती अजून तिथेच आहे. तुमच्याही घरात एखादी अशी असेल. तिला बरं करणं हे तुमचं काम नाही, ते मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं आहे. पण "तू कशी आहेस?" एवढं तुम्ही विचारू शकता. तिच्याऐवजी दुसऱ्याने उत्तर दिलं, तर ते मानू नका. ती जे बोलेल ते शाळेतल्या बाईंना सांगा, मामाला सांगा, जो ऐकेल त्याला सांगा. एकाने झटकलं तर दुसऱ्याला सांगा. मी डबा आहे. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग उद्यावर टाकू नका.