सगळ्या गावाची हजेरी

चाकणच्या अलीकडच्या त्या गावात दिवस मावळला की मुरारी रामोशी चावडीच्या पायरीशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "मुरारी, हजर." त्याचा बापही असाच उभा राहायचा. दोघांनी कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. पण इंग्रजांनी त्यांची अख्खी जमातच चोर ठरवली होती, आणि चोरानं रोज तोंड दाखवायचं असा दंडक होता. इंग्रज गेला, तो कायदाही मोडीत निघाला, तरी गावानं हजेरी काही सोडली नाही. दुसऱ्याला उभं करायची सवय सहजासहजी सुटत नाही.

त्रेपन्न साली पोलीसपाटील दौलतरावांनी ती हजेरी बंद केली. मग मुरारी जन्मात पहिल्यांदा गावाबाहेर मुक्कामाला गेला. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं त्याला गवंड्याच्या हाताखाली काम लागलं.

आणि महिन्याभरात पाटलांच्याच घरातून त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. माहेरी दिघीला आईनं लग्नात घातलेल्या. घरची सगळी शेतात होती आणि मुरारी नेमका सुट्टीला गावी आला होता. गावाला आणखी काय हवं होतं?

"तुमच्या कायद्यानं माझ्या पाटल्या नेल्या," अंबूबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्या अगदी पेटल्या होत्या.

"मुरारीला नेताना बघितलंस?"

"न्हाई. पर..."

"ह्या 'पर'वरच त्याच्या बापानं जलमभर हजेरी दिली. आता राज्याची घटना झालीया. ती मानसानं काय केलं ते बघती, कुनाच्या पोटी आला ते न्हाई."

अंबूबाईंनी पुढची भाकरी दणादण थापली. नवरा खरं बोलला, याचाच त्यांना जास्त राग आला.

संध्याकाळी चावडीपुढं गाव जमलं. मुरारीला कामावरून बोलावून आणलं होतं. गावात ज्यांचा शब्द चालायचा ते हिंदुराव पुढं सरसावले. "हजेरी पुन्हा चालू करा, पाटील. वैनींनी निस्तं नाव घ्यावं, बाकी आमी बघतो."

बाकी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन गडी दोर घेऊनच आले होते. आणि हजेरी चालू झाली की पिंपरीचं काम सुटणार, हेही ठाऊक होतं.

तोवर मुरारीला कुणी काही विचारलंही नव्हतं. तो आपणहून पायरीशी गेला, बाप उभा राहायचा तिथंच उभा राहिला, आणि चुना लागलेले हात जोडून म्हणाला, "मुरारी, हजर."

अंबूबाईंनी ते पाहिलं. या धडधाकट माणसाला कुणी ढकललंसुद्धा नव्हतं, तरी पाय त्याला तिथंच घेऊन गेले होते.

"माझा वहीम हाय," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मुरारीवरच हाय. पर म्या त्याला बघितलं न्हाई. मग नाव कसं घिऊ?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बायका चावडीच्या पायरीपर्यंत जात नसत. अंबूबाईंनी पदर डोक्यावर ओढला, त्या पायरीशी गेल्या आणि मुरारीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"वहिमावर हजेरी घ्यायची तर समद्यांची घ्या. अंबूबाई, हजर."

अशी बाई घरात असून आपण तिला कायदा शिकवत होतो, याची पाटलांना लाज वाटली असावी. ते उठले, मुंडासं सारखं केलं आणि तिच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

"दौलतराव, हजर."

"आता तुमी, भावजी," अंबूबाई हिंदुरावांना म्हणाल्या. "पाटल्या गेल्या त्या दिशी सकाळी घरी आलता. ताक पिऊन गेलता."

हिंदुराव लालबुंद झाले. "म्या का म्हनून हजेरी द्यावी? म्या काय केलंय?"

"मुरारीनं तरी काय केलंय?" अंबूबाईंनी विचारलं.

दोर आणलेले गडी दोर पाठीमागं लपवू लागले. माणसं एकेक करून पांगली, आणि हिंदुराव सगळ्यांत आधी गेले.

पाटल्या कधीच सापडल्या नाहीत. चोर कोण, हे अंबूबाईंना मरेपर्यंत कळलं नाही. त्यांच्या हातात काचेच्याच बांगड्या राहिल्या.

त्या संध्याकाळी चावडी रिकामी झाली तरी मुरारी हात जोडून तसाच उभा होता. अंबूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हात खाली घे, दादा. सकाळी कामावर जायचंय न्हवं?"