हवालदाराच्या टाकीतला कोळसा

वर्षभर जिने तोंड दाखवलं नव्हतं, त्या धाकटीचा आवाज फोनवर लोण्यासारखा मऊ झाला होता.

“ताई, हवालदार आजारी आहे गं. औषध चालू आहे, पण गुण नाही. एकदा बघून जा ना.”

थोरलीने “येते” म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वतःशीच हसली. या फोनची तिने किती वाट पाहिली होती!

हवालदार म्हणजे एक पिवळाधमक, चपटा समुद्री मासा. मुलांच्या दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, प्रवाळांची मोठी टाकी होती. हा तिच्यात काचेला लागून सारखी गस्त घालायचा, म्हणून मुलांनीच त्याचं नाव हवालदार ठेवलेलं. दात काढायला आलेली मुलं त्याला बघता बघता रडायचं विसरत. थोरलीनेच त्याला अंगठ्याएवढा असताना तिथे आणला होता. तिने काचेवर नखाने टकटक केलं की तो समोर हजर.

ती टाकी दोघी बहिणी मिळून सांभाळत. मग मागच्या वर्षी धाकटीने घोळ घातला. खारं पाणी जुनं झालं की चहाच्या फिक्या पाण्यासारखं पिवळट होतं. कोळसा तो पिवळेपणा शोषून घेतो. साधा चुलीतला नव्हे, बारीक बारीक छिद्रं पाडलेला, याच कामासाठी तयार केलेला. धाकटी महिनोन्‌महिने तो बदलायला विसरली आणि आठवण झाली तेव्हा एकदम दुप्पट घालून मोकळी झाली. रातोरात पाणी आरशासारखं लख्ख झालं. इतके दिवस पिवळ्या पाण्याआड सावलीत राहिलेल्या प्रवाळांवर दिव्यांचा सगळा प्रकाश धाडकन पडला आणि ते पांढरेफटक पडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा धाकटीने बेधडक सांगितलं, “ताईने दिवे वाढवले.”

थोरलीला बोलायलाही कुणी बोलावलं नाही. तिचं येणं बंद झालं. त्या दिवसापासून तिने डूख धरला होता.

दवाखान्यात ती शिरली तेव्हा दोन मुलं रिकाम्या काचेला नाक लावून बसली होती. आजारी हवालदार मागच्या खोलीत, औषधाच्या छोट्या टाकीत होता. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, कल्ले भराभर हलताहेत, धाप लागलेली. थोरलीने काचेवर टकटक केलं. तो वळला, पण पुढे आला नाही.

ती काचेशी आणखी वाकली. आणि तेवढ्यात तिला मागे, फिल्टरच्या कोपऱ्यात, काळी पिशवी दिसली.

कोळसा! औषधाच्या टाकीत!

ही चूक त्यांच्याच घरातल्या माणसाकडून होऊ शकत होती. बाबांचं माशांचं दुकान होतं आणि त्यांचा नियम असा: टाकी केवढीही असो, कोळशाची पिशवी आधी, मासा नंतर. लहानपणापासून हात आपोआप तसेच चालत. पण कोळशाला घाण कुठली आणि औषध कुठलं, हे कळत नाही. तो दोन्ही शोषतो. धाकटी वरून औषध ओतत होती आणि कोळसा ते खालून पीत होता.

“तिकडून टॉवेल आण जरा,” थोरली म्हणाली.

धाकटी वळताच तिने बाही वर केली, पिशवी उचलली आणि आपल्या सामानाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. हवालदाराशी तिचं भांडण नव्हतं. ज्याच्याशी होतं ते माणूस टॉवेल घेऊन परत येत होतं.

“कळलं का काही?”

“कळलं.” थोरली स्टूल ओढून ऐसपैस बसली. “पण सांगणार नाही.”

“म्हणजे?”

“बाईंना जाऊन सांग, प्रवाळ कुणी मारले ते. मग मी सांगते, मासा का बरा होत नाही ते.”

“ताई, तो मरेल गं!”

“मग लवकर जा.”

“इतकी दुष्ट आहेस तू?”

“वर्षभर सराव केलाय.”

धाकटीचे डोळे भरून आले. पूर्वी हे डोळे भरले की थोरली विरघळायची. आज तिने टॉवेलची नीट घडी घातली. धाकटीने माशाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पाय आपटत डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे गेली. दार अर्धं उघडंच राहिलं.

“बाई, ते मागच्या वर्षीचं… दिवे ताईने नव्हते वाढवले. कोळसा मी जास्त घातला होता.”

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “आणि वर्षभर तुम्ही मला हे सांगितलं नाहीत? त्यांना मी दारातून परत पाठवलं होतं हो!”

थोरलीने डोळे मिटले. प्रत्येक शब्द तिने चवीने ऐकला.

धाकटी परतली ती मान खाली घालूनच. “झालं समाधान? आता सांग.”

थोरलीने डबा उघडून ओली पिशवी तिच्या हातावर ठेवली.

“कोळसा?” धाकटीचा चेहरा उतरला. “अगं बाई! पण ही बाहेर कधी काढलीस?”

“तू टॉवेल आणायला गेलीस तेव्हा.”

“म्हणजे तो… आणि मी उगाच…”

“उगाच कशी? मासा त्याच्या औषधाने बरा होईल. माझं औषध वेगळं होतं.”

दोघींनी मिळून अर्धं पाणी बदललं आणि औषध मापाने पहिल्यापासून सुरू केलं. मग थोरलीने मोठ्या टाकीसाठी येताना सोबत आणलेला नवा कोळसा धाकटीसमोर ठेवला. न धुतलेल्या कोळशाची भुकटी पाण्यात गेली तर माशांना बाधते, म्हणून तो आधी खळखळून धुवावा लागतो. बाबांच्या दुकानात हे काम चुकणाऱ्याच्या वाट्याला यायचं. धाकटी चुकायची, रडायची, आणि धुवायची थोरली.

“धू,” थोरली म्हणाली.

धाकटी मुकाट्याने बेसिनपाशी उभी राहिली. बोटं, मनगटं काळी झाली. बऱ्याच वेळाने तिने नळ बंद करून मागे पाहिलं.

थोरलीने वाकून पाण्यात निरखून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं.

“अजून काळं येतंय,” ती म्हणाली, आणि नळ पुन्हा सोडला.