पुरलेल्या पत्रावळी

आमच्या गावात कितीही मोठं भांडण असो, ते एका जेवणानं संपतं. ज्याचं चुकलं तो बकरा आणतो, सगळ्यांसमोर उभा राहून "माह्यं चुकलं" म्हणतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच त्याच्या हातावर पाणी घालतो. पंगत उठली की साऱ्या पत्रावळी एका खड्ड्यात पुरायच्या. त्यानंतर कोणी ती गोष्ट तोंडातून काढली तर 'यानं पानं उकरली' म्हणतात. पानं उकरणाऱ्याच्या घरी मग कोणी पाणीसुद्धा पीत नाही.

माझ्या पत्रूकाकासाठी असं जेवण झालं तेव्हा मी तालुक्याच्या गावी, जिवतीच्या होस्टेलवर होते.

त्याआधीची गोष्ट अशी. उन्हाळ्यात कोणाची तरी मोटारसायकल चोरीला गेली. काका सकाळी मोहफुलं वेचत होता, तिथून त्याला चौकीचे जमादार गुणवंतराव उचलून घेऊन गेले. सोडवायला कोलू पाटील आणि गावातली माणसं मागोमाग गेली, तर त्यांच्या डोळ्यांदेखत काकाच्या हातावर काठी बसत होती. मोटारसायकल पुढे मालकाच्या मेहुण्याकडेच सापडली. काकाचा उजवा हात मात्र मनगटात वाकडा राहिला तो राहिला. काकाचा मुलगा सुनिल, त्यानं चंद्रपूरला तक्रार दिली आणि चौकशी लागली.

चौकशी लागल्याबरोबर गुणवंतराव गावात हजर. वर्दी नाही, साधा शर्ट, सोबत बकरा. आमची रीत त्यांना कोणीतरी नीट समजावून दिली होती. भर पंगतीत हात जोडून म्हणाले, माझं चुकलं, पत्रूभाऊ, रागात हात उठला. आई सांगते की काकाचे डोळेच भरून आले. एवढा वर्दीवाला माणूस आपल्या रीतीत आला म्हणून सारं गाव खूश. काकानं डाव्या हातानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. सुनिलदादाही जेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि नेमकी तेव्हाच चौकशीची तारीख. शाळेच्या व्हरांड्यात चंद्रपूरच्या मॅडम येणार होत्या. पंधरा ऑगस्टला साऱ्या मैदानासमोर भाषण केल्यापासून माझं तोंड थांबत नाही असं आई म्हणते, आणि खोटं काही म्हणत नाही. मी सकाळपासून काकाच्या मागे लागले. काका, सगळं सांग, घाबरू नको, त्या ऐकायलाच येऊन राहिल्या. काका पळसाच्या पानाची विडी वळत होता. एका हातानं ती नीट वळत नव्हती.

"पानं पुरली, रंजीता. मले बोलता येत नाई," तो म्हणाला. "पन् तो सोताच सांगन पाह्य. आपल्यासमोर बोलला, तं तिच्यासमोर काऊन नाई बोलन?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण काकाचा चेहरा असा निवांत होता की मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे आईला पटतच नाही.

मॅडमनी एकेकाला विचारलं. पाटील म्हणाले, आमचं मिटलं. पाटलांसोबत चौकीवर गेलेले मुखरूआजा म्हणाले, मिटलं. सुनिलदादा जमिनीकडे पाहत राहिला. काय मिटलं, असं मॅडमनी विचारलं की सगळे मुके. मग गुणवंतरावांची पाळी आली. काका जरासा पुढे सरकून बसला, जसं कोणी आपलं नाव पुकारणार आहे.

"मी यांना हातही लावला नाही, मॅडम," गुणवंतराव म्हणाले. "उलट घरोबा आहे आमचा. मागे इथंच जेवून गेलो. विचारा त्यांना."

काकानं त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाहत होते.

मी उभी राहिले. ते जेवण मी जेवले नव्हते, म्हणून मला बोलायला मोकळीक होती. मी मॅडमना सारी रीत सांगितली, बकरा कोण आणतो, का आणतो, पाणी कोण घालतं. आमच्याकडे असं जेवण चूक कबूल केल्याशिवाय होतच नाही, म्हटलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. गुणवंतरावांना विचारलं, बकरा तुम्ही आणला होता? ते म्हणाले, प्रेमानं आणला होता.

"यांनी चूक कबूल केली, ती कोणी ऐकली?" मॅडमनी विचारलं.

कोणी मान वर केली नाही.

"तू ऐकलीस, बाळ?"

"मी होस्टेलवर होते."

मॅडम काकाकडे वळून हळूच म्हणाल्या की आज शेवटची तारीख आहे, यानंतर मला काही करता येणार नाही. काका उठला. मला वाटलं, आता बोलतो. पण त्यानं आतून पाण्याचा गडू आणून मॅडमसमोर धरला, पाहुण्याला देतात तसा. वाकड्या मनगटाला गडू पेलला नाही आणि पाणी त्यांच्या चपलेवर सांडलं.

"काय झालं हाताला?"

"मिटलं, बाई," काका म्हणाला.

मॅडमची जीप सुरू होऊन तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग गेली. गुणवंतराव मोटारसायकलवर बसून पाटलांना जोहार करून गेले. पुढे त्यांची बदली झाली म्हणे, दुसऱ्या चौकीत. तिथल्या लोकांची रीत काय आहे, मला माहीत नाही.

त्या दुपारी काका चिंचेखाली, त्या पत्रावळींच्या खड्ड्याशी बसला होता. डाव्या हातात कुदळ. पाटील शेजारून गेले, सगळं पाहिलं, पण अडवलं नाही. काका उकरत राहिला. खाली पानं उरलीच नव्हती, नुसती काळी ओली माती.

"त्यानंच उकरली पानं, मी नाई," काका म्हणाला. मी मान हलवली. त्यानं माती परत लोटली, हातानं दाबली.

"जीप उभी होती, तवा मी आवाज दिला असता तं थांबली असती का?"

मला खोटं सुचलं नाही.

"थांबली असती, काका."

तो तसाच माती दाबत राहिला.