झाकणाचा वास

डेअरीत नवे साहेब आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने सगळ्यांसमोर आपली ओळख करून द्यायची. छंद कोणता, इथवर कसे पोचलात आणि कोणतं एक मूल्य मानता, एवढं सांगायचं. दुधाचे कॅन उतरवणारा पैलवान म्हणाला, छंद झोप, मूल्य पगार, झाली की ओळख. दूध काही ओळखीसाठी थांबत नाही, म्हणून दोन तुकड्या केल्या. ताई पहिल्या तुकडीत होती, पैलवान आणि मी दुसरीत.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. गाडीतून उतरलेल्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडून ती हुंगायची आणि 'पुढे' किंवा 'मागे' म्हणायची. मी शेजारच्या टेबलावर नमुने तपासते. रसायनशास्त्राची पदवी घेतली तरी नोकरी मिळाली ती तिच्या शब्दावर. माझ्या चाचण्या आम्लता, स्निग्धांश आणि घनता सांगतात. पण कुणी फिनेलने धुतलेला कॅन न विसळता भरला, तर यातला एकही आकडा हलत नाही. तिथे नाकच लागतं.

आणि ताईचं नाक गेलं होतं.

मोठा ताप येऊन गेला, त्यात ते गेलं. मला कळलं ते स्वयंपाकघरात. दूध करपून धूर व्हायला आला होता आणि ताई ओट्याकडे पाठ करून शांतपणे भाजी निवडत बसली होती. मी तिला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. व्हिनेगर, कॉफी, शेवटी चिरलेला कांदा. कांद्याने डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. घर तिच्या पगारावर उभं होतं. "आईला सांगू नकोस," एवढंच ती म्हणाली. डेअरीत सांगायचा प्रश्नच नव्हता.

मग ती काम कशी करत होती? पैलवानाच्या चेहऱ्यावर. देह रेड्याचा, पण नाक मोठं नाजूक. दूध जरा बिघडलेलं असलं, की झाकण उघडताक्षणी तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचा. ताई झाकणावर वाकायची, वर येताना एकदा त्याच्याकडे बघायची आणि निर्णय द्यायची. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. मला ही व्यवस्था पसंत नव्हती. बिघडलेल्या यंत्राला दुसरं यंत्र जोडलं होतं आणि त्या दुसऱ्याची कुणी चाचणी घेतली नव्हती. पण बिघडलेलं दूध पुढे गेल्याची तक्रार आली नव्हती, म्हणून मी गप्प होते.

ओळखीच्या दिवशी ताई चांगली बोलली म्हणे. वासाच्या फुलांची झाडं लावायचा छंद आहे, सांगितलं. कॅन धुण्यापासून सुरुवात केली, तेही सांगितलं. मूल्य विचारल्यावर म्हणाली, "शंका आली की डबा मागे. समोर कोणीही असो." टाळ्या पडल्या. साहेब इतके खूश झाले, की दुसऱ्या तुकडीला वरच्या हॉलमध्ये बसायला सांगून स्वतः ताईचं काम बघायला खाली, कॅन उतरवायच्या धक्क्यावर आले.

पैलवान त्या तुकडीबरोबर वर गेला होता. माझे नमुने उरले होते, म्हणून मी मागे राहिले होते. कॅन उतरवत होता गाडीचा ड्रायव्हर. तो कॅन ठेवायचा आणि पाठ फिरवायचा.

सुरुवातीचे कॅन चांगले होते. मग एक झाकण उघडलं आणि मला टेबलापर्यंत फिनेलचा वास आला. ताई वाकली, वर आली आणि सवयीने तिने पैलवानाची जागा बघितली. तिथे ड्रायव्हरची पाठ होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ठरवून काही केलं नाही. माझं नाक आपोआप मुरडलं.

"मागे," ताई म्हणाली.

"काय झालंय दुधाला?" साहेबांनी सहज विचारलं. त्यांना शिकायचं होतं.

पैलवानाच्या तोंडावरून तिला दूध वाईट आहे एवढंच कळायचं. कसं वाईट, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आंबलंय."

साहेबांनी झाकण हातात घेऊन हुंगलं. कपाळाला आठी पडली. त्यांनी पुढच्या कॅनचं झाकण स्वतः उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. "आणि हे?"

ताईने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी नजर चाचणीच्या काचनळीवर, ब्युरेटवर ठेवली. थेंब पडत होते आणि मी ते मोजतही नव्हते.

"कळत नाही, साहेब," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हलक्या आवाजात मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. मी हो म्हणाले. त्यांनी ताईला घरी जायला सांगितलं, उद्यापासून येऊ नका म्हणाले आणि झाकण माझ्या हातात देऊन दुसऱ्या तुकडीकडे वर गेले. ताईने टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

थोड्या वेळाने पैलवान हसत खाली आला. झोपच सांगितली म्हणाला, लोक पोट धरून हसले. मग ताईच्या जागी मला बघून म्हणाला, "ताई कुठंय?" मी पुढचा कॅन उघडला. तो चांगला होता. सवय नसतानाही मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा ताई गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होती. रोज ती विचारायची, आज कशाचा वास आहे, आणि मी सांगायचे. आज तिने विचारलं नाही. जाई फुलली होती.

"आधी झाकण हुंग, दूध नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वास झाकणाला चिकटतो. आणि पहिल्याच श्वासाला ठरव. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं."

मी हो म्हणाले. खालून आईने हाक मारली, ताई आज लवकर कशी आली म्हणून विचारत होती.

"तू सांग," ताई म्हणाली आणि पुढच्या कुंडीकडे वळली.